लाळ्या-खुरकूत : गोठ्याच्या दाराशी फिनाईल, चुना की धुण्याचा सोडा?

हिडकल_काठ (प्रश्न)

मंडळी, हुक्केरी तालुक्यातला गोठा आहे. नऊ एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकर गाई, दोन मुऱ्हा म्हशी, तीन वासरं. वासरांतलं एक अडीच महिन्यांचं, दोन सहा-सात महिन्यांची. मोठ्या जनावरांना लाळ्या-खुरकुताची (तोंडात आणि खुरांत फोड आणणाऱ्या साथीच्या रोगाची) लस एप्रिलअखेर टोचली, वासरं राहिली. आता ऑगस्ट लागलाय. कारखाना सुरू व्हायच्या सुमाराला बीडकडच्या ऊसतोड टोळ्या बैलगाड्या घेऊन शेजारच्या पडक रानात उतरतात. बैल पाण्याला आमच्याच हौदावर येतात, आणि तहानलेल्या जनावराला हाकलणं बरं नाही.

१. पुढची लस एप्रिलपासून सहा महिने मोजून द्यायची, की टोळ्या येण्याच्या तारखेवरून मागे मोजायचं?

२. दाराशी काय ठेवायचं? दुकानदार फिनाईल देतो, शेजारी चुना फेकतात, घरात कोविडातलं सॅनिटायझर दोन कॅन पडून आहे.

३. या रोगाचा विषाणू 'पिकोर्नाव्हायरेल्स' नावाच्या गणातला, म्हणजे पोलिओचा भाऊबंद, असं वाचलं. पोलिओचे डोस लहानपणीच संपतात. मग गाईला वर्षातून दोनदा सुई कशाला?

पशुवैद्य_निपाणी

मागूनच मोजा. सरकारी लस तेलमिश्रित असते आणि तिचा जोर यायला दोन ते तीन आठवडे लागतात. टोळ्या दसऱ्याच्या आसपास उतरत असतील, तर मोठ्या अकरा जनावरांचं काम सप्टेंबरच्या मध्यापर्यंत झालेलं बरं. सहा महिने पुरे व्हायच्या आधी दिली म्हणून काही बिघडत नाही. उशीर मात्र महागात पडतो. गावातली लसीकरणाची फेरी त्या वेळेत येत नसेल तर दवाखान्यात आताच नाव सांगून ठेवा.

वासरांचं गणित वेगळं. चार महिन्यांच्या आत लस देत नाहीत, कारण लसवंत आईच्या चिकातून आलेली प्रतिद्रव्यं लसीलाच निकामी करतात. तुमच्या सहा-सात महिन्यांच्या दोघांना या आठवड्यात पहिला डोस द्या, चार आठवड्यांनी बूस्टर, मग दर सहा महिन्यांनी सगळ्यांबरोबर. धाकटं सप्टेंबरअखेर चार महिन्यांचं होईल. त्याला तेव्हा पहिला आणि ऑक्टोबरअखेर दुसरा. तोवर त्याला रस्त्याकडेच्या दावणीला बांधू नका. आपल्याकडे पहिला डोस सगळे देतात, बूस्टर निम्मे जण विसरतात, आणि मग 'लस लागू पडत नाही' अशी ओरड होते.

मात्रा गाई-म्हशीला २ मिली, मानेच्या स्नायूत खोल. प्रत्येक जनावराला वेगळी सुई. यावर भांडायला लागलं तरी भांडा, कारण साथीच्या दिवसांत एकच सुई गोठाभर फिरली तर ती रोगच वाटत जाते. आजारी, तापलेल्या जनावराला त्या दिवशी टोचू नका. अगदी दिवस भरत आलेल्या गाईला व्याल्यावर द्यावी, कारण पकडापकडीचा ताण नको. दोन-तीन दिवस दूध थोडं उतरतं, टोचल्या जागी गाठ येते, ती हळूहळू जिरते.

बाटली २ ते ८ अंशांत हवी. फ्रीजरमध्ये ठेवलेली किंवा बर्फाला थेट टेकून आणलेली लस गोठते, तेल-पाणी वेगळं होतं. बाटलीत थर दिसले की ती घेऊ नका. मोटारसायकलच्या डिकीत उन्हातून आलेली बाटली वरून छान दिसते आणि तरी आतून गेलेली असते. का, ते खाली कुणी सूक्ष्मजीवशास्त्रवाल्यांनी सांगावं.

सूक्ष्मजीव_टिळकवाडी

सांगतो. तुमच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचंही उत्तर त्यातच आहे.

पिकोर्नाव्हायरेल्स गणातले विषाणू साधारण ३० नॅनोमीटरचे, वीस बाजूंचं प्रथिनांचं कवच असलेले. त्या कवचावर चरबीचं आवरण नसतं. आत धन आरएनएचा एकच धागा (या गणातल्या काही वनस्पती-विषाणूंत दोन तुकडे). धन म्हणजे तो धागा पेशीत शिरला की थेट वाचला जातो, मधली नक्कल लागत नाही. त्याच्या टोकाला व्हीपीजी नावाचं छोटं प्रथिन चिकटलेलं असतं. धाग्यावरून एक लांबलचक प्रथिन तयार होतं आणि विषाणूची स्वतःची कात्री, म्हणजे प्रोटिएज, त्याचे तुकडे पाडते. पोलिओ, सर्दीचा ऱ्हायनो, कावीळ-ए हे सगळे या गणातले. चवळीचा मोझॅक याच गणातला, आणि सातेरी मधमाश्यांच्या अळ्या पिशवीसारख्या फुगवून मारणारा सॅकब्रूडसुद्धा. त्याच्या थाई प्रकाराने १९९१-९२ मध्ये दक्षिण भारतातल्या सातेरीच्या पेट्या रिकाम्या केल्या. खानापूरकडच्या जुन्या मधपाळांना विचारा.

आता सॅनिटायझर. कोरोनाला चरबीचं आवरण होतं, ते साबणाने आणि अल्कोहोलने विरघळायचं. इथे विरघळायला चरबीच नाही. म्हणून अल्कोहोल, क्वाटर्नरी अमोनियमची रंगीत जंतुनाशकं आणि फिनाईल या विषाणूवर भरवशाची नाहीत, शेणात तर नाहीतच. तुमचे दोन कॅन घरात हातांसाठी वापरा.

याची खरी दुखरी जागा पीएच आहे. साधारण ६ च्या खाली किंवा ९ च्या वर तो टिकत नाही. कवच १२ पंचकांचं, म्हणजे पाच-पाच घटकांच्या तुकड्यांचं, बनलेलं असतं. पंचकांच्या सांध्यांवर हिस्टिडीन नावाची अमिनो आम्लं आहेत, आम्ल वाढलं की त्यांच्यावर धन भार येतो, ती एकमेकांना ढकलतात आणि गोळा उसवतो. पोलिओ मात्र जठरातल्या आम्लातून सुखरूप आतड्यात उतरतो. भाऊबंद असून स्वभाव इतका वेगळा. म्हणजे नुसत्या गणावरून जंतुनाशक ठरवता येत नाही. चरबी नाही एवढं गणावरून कळतं, आम्लाला भितो हे या विषाणूपुरतं.

हाच उसवणं-प्रकार लसीत घडतो. लसीत मारलेला पण अखंड विषाणू असतो, त्या अखंड कणाला १४६-एस म्हणतात. शरीर ओळखायला शिकतं ते त्या अखंड आकाराला. उष्णतेने किंवा आम्लाने तो १२-एस तुकड्यांत फुटला की प्रथिन तेवढंच राहतं, पण काम जवळजवळ शून्य. डिकीतल्या बाटलीचं हेच होतं.

वर्षातून दोनदा का? पोलिओचे प्रकार तीन, आणि ते फारसे हलत नाहीत. लाळ्या-खुरकुताचे सात : ओ, ए, सी, एशिया-१ आणि आफ्रिकेतले सॅट-१, २, ३. एकाची प्रतिकारशक्ती दुसऱ्याला चालत नाही. आपल्या लसीत ओ, ए आणि एशिया-१ असतात. सी प्रकार भारतात १९९५ नंतर सापडलेला नाही, म्हणून तो काढला. शिवाय सुमारे ८,४०० अक्षरांचा हा धागा नकलताना चुका दुरुस्त करणारी यंत्रणा विषाणूकडे नाही, त्यामुळे एकाच प्रकारात नवनवे वाण निघत राहतात, ए मध्ये जास्तच. आणि मारलेल्या लसीतून आलेली प्रतिद्रव्यं सहा महिन्यांत उतरणीला लागतात. लसवंत जनावराच्या घशातही विषाणू शिरकाव करू शकतो. लस जनावराला आजारी पडू देत नाही आणि फैलाव खूप कमी करते, पण हौदाची काळजी ती घेत नाही.

जुना_गोठा_खानापूर

एवढं शास्त्र ठीक आहे हो, पण पिढ्यान् पिढ्या फिनाईल आणि चुना चालत आलाय. पांढरा चुना दारात मारला की रोगराई आत येत नाही असं आमच्याकडे सगळेच मानतात. फिनाईलचा वास आहे तोवर जंतू नाहीत.

सूक्ष्मजीव_टिळकवाडी

वासाचा आणि जंतूंचा संबंध नाही, काका. फिनाईलने माश्या कमी होतात, तेवढ्यासाठी खुशाल वापरा.

चुन्याबद्दल तुम्ही अर्धे बरोबर आहात. ताजा विरवलेला चुना पाण्यात कालवला तर पीएच १२ च्या पुढे जातो आणि त्यात हा विषाणू मरतो. पण कोरडी भुकटी फेकून उपयोग नाही, ओलावा हवा. आणि उघड्यावर पडलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून खडू बनतो. उघड्या पोत्यात महिनाभर पडलेला चुना मारणं म्हणजे दारात रांगोळी घालणं. चुना वापरायचाच तर विरवून पाण्यात दाट कालवा, गोठ्याच्या भिंती आणि गव्हाणीच्या बाहेरची बाजू सारवा.

दूधसंकलन_चिकोडी

प्रमाणं लिहितो, कारण सगळा घोळ तिथेच होतो.

पायताण आणि फरशीसाठी धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट, ४ टक्के. इथे एक गोम आहे. बाजारात दोन प्रकार मिळतात. पांढरी कोरडी पूड (सोडा अ‍ॅश) असेल तर १० लिटर पाण्याला ४०० ग्रॅम. काचेसारखे खडे असतील तर त्यांच्या वजनात निम्म्याहून जास्त पाणीच असतं, तेव्हा १० लिटरला एक किलोच्या थोडे वर, १,१०० ग्रॅम धरा. खडे ४०० ग्रॅम टाकून 'सोडा मारला' म्हणणारे गोठे पुष्कळ आहेत. खाण्याचा सोडा वेगळा, त्याचं पाणी पीएच ८ च्या आसपासच राहतं. तो आणू नका. खात्री हवी तर शाळेच्या प्रयोगसाहित्याच्या दुकानातली पीएच पट्टी बुडवा, ४ टक्क्यांचं द्रावण ११ च्या वर दाखवतं.

कॉस्टिक सोडा २ टक्के, १० लिटरला २०० ग्रॅम, जास्त जालीम आहे. रोग येऊन गेलेल्या रिकाम्या गोठ्याची फरशी धुवायला तो ठीक. पाण्यात कॉस्टिक टाका, कॉस्टिकवर पाणी ओतू नका, उसळून तोंडावर येतं. रबरी हातमोजे, चष्मा. अर्ध्या तासाने भरपूर पाण्याने धुवून मगच जनावर आत.

अ‍ॅल्युमिनियमच्या कॅनला मात्र दोन्ही सोडे लावू नका. कॅन काळे पडतात, खड्डे पडतात. कॅन, बादल्या, दूध काढण्याच्या यंत्राचे कप आणि हात यांच्यासाठी सायट्रिक आम्ल ०.२ टक्के, १० लिटरला फक्त २० ग्रॅम. किराणा दुकानात लिंबूफूल म्हणून मिळतं. ते नसेल तर ४ टक्क्यांचा साधा व्हिनेगर निम्मा पाणी घालून, म्हणजे २ टक्के.

सोडा आणि लिंबूफूल एकाच बादलीत किंवा एकापाठोपाठ एकाच फरशीवर नको. फेस छान येतो, पण दोघं एकमेकांना मारतात आणि विषाणू राहतो मधोमध सुरक्षित. सायट्रिक शेणाच्या फरशीवर ओतणंही वाया, शेण आम्ल पिऊन टाकतं.

दाराशी दोन घमेली ठेवा. पहिल्यात साधं पाणी आणि ताठ ब्रश, दुसऱ्यात चार बोटं खोल सोड्याचं पाणी. शेण लागलेला बूट थेट सोड्यात बुडवला तर वरचं शेण ओलं होतं, आतला विषाणू तसाच. खरवडा, ब्रश मारा, मग बुडवा. द्रावण रोज बदला, पाऊस पडला किंवा गढूळ झालं तर लगेच. नुसतं पाय टेकवून निघालात तर पुरेसा वेळ मिळत नाही. म्हणून गोठ्यातले गमबूट वेगळे ठेवणं हेच सगळ्यात स्वस्त जंतुनाशक.

हिडकल_काठ

सोड्याचे खडेच होते घरात, बरं झालं विचारलं. हौदाचं काय करावं? आणि एखादा बैल लाळ गाळताना, मचमच करताना दिसला तर पहिल्या दिवशी काय?

पशुवैद्य_निपाणी

हौद वेगळा करा, एवढंच. रस्त्याकडेला दोनशे लिटरचा अर्धा कापलेला पिंप, त्याला पाइप, आणि सांडपाणी तुमच्या गोठ्याकडे न वाहता शोषखड्ड्यात. बैलांना पाणी मिळालं, तुमच्या गाईला त्यांची लाळ नाही. पिंप दर दोन दिवसांनी रिकामा करून सोड्याने घासा, मग साध्या पाण्याने धुवा. टोळीच्या मुकादमाला बैलांच्या कानातला बारा अंकी बिल्ला दाखवायला सांगा. हा क्रमांक देशभर एकच चालतो, कर्नाटकात-महाराष्ट्रात वेगळा नाही. त्यावरून लसीची नोंद दवाखान्यात पाहता येते. लस नसलेले बैल असतील तर पशुवैद्यकीय दवाखान्याला आणि कारखान्याच्या शेतकी विभागाला उतरल्याच दिवशी कळवा. सगळ्या टोळीला एकदम टोचणं सोपं असतं.

लक्षणांचं : ताप १०४ ते १०६ फॅरनहाइट, दोरीसारखी लाळ, जिभेवर, हिरड्यांवर, खुरांच्या बेचक्यात आणि सडांवर फोड. संसर्गापासून २ ते १४ दिवसांत दिसतं. अडचण अशी की फोड दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच दुधातून, श्वासातून विषाणू बाहेर पडत असतो. म्हणून पहिला बैल दिसला त्या दिवशी आजूबाजूचे सगळे 'संशयित' धरायचे.

त्या दिवशी १९६२ या पशुसेवेच्या मदत क्रमांकावर किंवा दवाखान्यात फोन. हा रोग कळवणं २००९ च्या कायद्याने मालकावर बंधनकारक आहे, आणि कळवल्याशिवाय नमुनाही जात नाही. डॉक्टर ताज्या फोडाच्या वरची साल घेतात आणि ती ग्लिसरीन-बफरमध्ये, पीएच ७.२ ते ७.६ राखून, बर्फावर पाठवतात. घरात कुणी उत्साहाने ती लिंबाच्या पाण्यात धुतली तर प्रयोगशाळेला काहीच सापडणार नाही, कारण वर वाचलंतच.

औषध विषाणूवर नाही, त्रासावर आहे. तोंड तुरटीच्या २ टक्के पाण्याने (लिटरला २० ग्रॅम) दिवसातून दोन-तीनदा धुवा, मग बोरोग्लिसरीन लावा. राष्ट्रीय डेअरी विकास मंडळाने सांगितलेला घरगुती लेपही चालतो : जिरे, मेथी, मिरे प्रत्येकी १० ग्रॅम अर्धा तास भिजवून वाटायचे, त्यात हळद १० ग्रॅम, लसणाच्या ४ पाकळ्या, गूळ १२० ग्रॅम आणि एक नारळ खवून मिसळायचा. दिवसातून तीनदा जिभेवर आणि हिरड्यांवर चोळायचा, तीन ते पाच दिवस. जनावर खायला लागतं, हा त्याचा फायदा. रोग त्याने लवकर जातो असं नाही.

कडबा बंद. कोवळा मका, भिजवलेली पेंड, ज्वारीची पातळ कांजी. खूर धुवून कोरडी जागा. चिखलात उभं जनावर आठवड्याने किड्यांवर जातं. किडे पडले तर टर्पेंटाईनचे थेंब, चिमट्याने बाहेर काढणं आणि मग कडुलिंबाचं तेल. प्रतिजैविक डॉक्टर ठरवतील, ते जखम चिघळू नये म्हणून. त्या काळातलं दूध डेअरीला नको.

वासराला आजारी आईखाली सोडू नका. मोठी जनावरं सहसा मरत नाहीत, वासरं मात्र मरतात, तोंडात एकही फोड नसताना. विषाणू हृदयाच्या स्नायूत बसतो. फाडून पाहिलं तर हृदयावर वाघासारखे फिकट पट्टे दिसतात. दूध पाजायचंच तर उकळून गार केलेलं. बैलाचंही हृदय त्या काळात नाजूक असतं, खूर भरला म्हणून लगेच जोताला धरू नका. बऱ्या झालेल्या काही संकर गाई पुढे केसाळ होतात, उन्हात धापा टाकतात, पुन्हा पूर्वीच्या दुधावर येत नाहीत. २०१३ च्या साथीनंतर कर्नाटकात अशी जनावरं पुष्कळ दिसली.

काळजी_आई_बेळगाव

मध्येच विचारते, माफ करा. आमच्या बालवाडीत 'हँड-फूट-माउथ' आलंय. गल्लीत कुणाच्या गोठ्यातून आलं असेल का?

सूक्ष्मजीव_टिळकवाडी

नाही ताई. मुलांचा तो कॉक्सॅकी किंवा एन्टेरोव्हायरस-७१ चा आजार. कुल एकच, पिकोर्नाव्हिरिडी, पण विषाणू वेगळा, आणि तो माणसाकडून माणसालाच जातो. गाईचा लाळ्या-खुरकूत माणसाला होणं इतकं दुर्मीळ आहे की तो धोका धरत नाहीत. मात्र माणूस तो कपड्यांवर, बुटांवर, नखांत घेऊन दुसऱ्या गोठ्यात पोचवतो. मुलांसाठी हात साबणाने नीट चोळून धुणंच कामाचं. साबण हा विषाणू मारत नाही, पाण्याबरोबर धुऊन काढतो.

हिडकल_काठ

शेवटचं. माघात चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेला घरची गाडी जाते, बैलजोडी सोयऱ्यांची असते. परतीचे बैल आमच्याकडे दोन रात्री मुक्कामाला असतात.

पशुवैद्य_निपाणी

त्या जोडीलाही सप्टेंबरातच लस द्यायला सांगा, म्हणजे माघापर्यंत जोर टिकतो. यात्रेच्या आदल्या दिवशी टोचून उपयोग नाही. वैरण घरून न्या, वाटेतल्या गव्हाणीत तोंड घालू देऊ नका, पाण्याला स्वतःची बादली. परतताना गाडीची चाकं आणि साटा गावाबाहेरच घासून सोड्याने धुवा. खुरं साध्या पाण्याने धुवून पाहा, बेचक्यात फोड किंवा जखम असेल तर सोडा लावू नका, आधी दवाखाना.

मुक्काम गोठ्यात नको. वारा गोठ्याकडून बैलांकडे वाहील अशा बाजूला, शंभर-दीडशे फुटांवर बांधा. आधी तुमच्या गाईंचं दूध काढून घ्या, नंतर बैलांकडे जा. उलट क्रमाने गेलात तर सदरा बदलून, हात लिंबूफुलाच्या पाण्यात धुवून. सोयऱ्यांनी घरी नेल्यावर ती जोडी तिथेही चौदा दिवस बाकीच्या जनावरांपासून वेगळी राहू दे. आणि त्या दिवसांत तुमचं थर्मामीटर रोज सकाळी दोन-तीन गाईंना लावा. १०३ च्या वर गेलं तर लाळेची वाट पाहू नका.